भंगारातील भागांतून घरगुती स्पोर्ट्स कार: आधी भाग, मग सांगाडा

घरी स्पोर्ट्स कार बांधायला घेतलेले बहुतेक प्रकल्प इंजिनापाशी नव्हे, सांगाड्यापाशी अडतात. चौकोनी पाइप आणले जातात, कुठला तरी नकाशा समोर ठेवून सांगाडा उत्साहाने वेल्ड केला जातो, आणि मग एकेक भाग त्यात बसवायला घेतल्यावर ड्राइव्ह शाफ्ट (गिअरबॉक्समधून चाकाला फिरवणारा दांडा) चार बोटे आखूड पडतो, स्टेअरिंगचा दांडा नेमका ब्रेकच्या पेडलवर येतो आणि चालकाचे गुडघे डॅशबोर्डला टेकतात. त्यानंतर कापाकापी सुरू होते आणि मूळचा सरळ सांगाडाही वाकडा होतो. म्हणून या लेखातील क्रम उलटा आहे. आधी सर्व भाग हाताशी आणायचे, ते मोजायचे, जमिनीवर प्रत्यक्ष जागी मांडायचे, आणि सांगाडा सर्वांत शेवटी त्यांच्याभोवती उभा करायचा.

उदाहरणासाठी दोन आसनांची, बिनछपराची गाडी धरली आहे. तिच्यात मारुती ८०० ची पुढची संपूर्ण यंत्रणा, म्हणजे इंजिन, गिअरबॉक्स, ड्राइव्ह शाफ्ट, हब (चाक ज्यावर बसते तो फिरणारा भाग) आणि सस्पेन्शन, उचलून चालकाच्या पाठीमागे बसवली आहे. ८०० चे उत्पादन २०१४ मध्ये थांबले असले तरी तिचे सुटे भाग अजून गावोगावी मिळतात. ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन फ्यूएल इंजेक्शनच्या आवृत्तीत सुमारे ३७ अश्वशक्ती देते. हा आकडा ऐकून नाक मुरडण्याआधी हिशेब करावा: मूळ गाडी सुमारे ६५० किलोची आहे, म्हणजे टनामागे ५७ अश्वशक्ती. तेच इंजिन ४५० किलोच्या गाडीत बसवले की टनामागे ८२ मिळतात. पहिल्याच प्रकल्पात मोठे इंजिन शोधण्यापेक्षा वजन कमी करणे स्वस्तही पडते आणि सुरक्षितही.

ज्यांना इंजिन पुढे आणि एक्सल मागे अशी लोटस सेव्हन या हलक्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या धाटणीची गाडी हवी असेल, त्यांच्यासाठी ओम्नी सोयीची आहे, कारण तिचे इंजिन लांबीच्या दिशेत बसवलेले असून ती मागच्या चाकांवर चालते. मात्र त्यात प्रोपेलर शाफ्टची लांबी बदलून तो पुन्हा बॅलन्स करून घ्यावा लागतो, आणि हे काम घरच्या घरी होत नाही.

टप्पा १: कायदा, कागदपत्रे आणि जागा

ही गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणता येणार नाही, हे कामाला हात घालण्याआधीच मान्य केले पाहिजे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ३९ नुसार नोंदणीशिवाय कोणतेही वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवता येत नाही. नव्या वाहनाच्या नोंदणीसाठी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ च्या नियम १२६ खाली पुण्याच्या एआरएआय (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया) सारख्या चाचणी संस्थेची नमुना-मंजुरी लागते. ही व्यवस्था कारखानदारांसाठी आहे. एकट्या माणसाच्या एकुलत्या एका गाडीला ती परवडत नाही. तेव्हा खासगी जमीन, ट्रॅकवरील परवानगीचे सत्र किंवा आयोजकांनी मान्य केलेले बंदिस्त मैदान, एवढेच या गाडीचे क्षेत्र समजावे आणि तिथपर्यंत तिला टेम्पोतून न्यावे.

मूळ गाडी कागदपत्रांसह घ्यावी. आरसी पुस्तक, विक्रीची लेखी नोंद आणि कर्ज असल्यास बँकेचे ना-हरकत पत्र, यांशिवाय व्यवहार करू नये. गाडी मोडीत काढली की कलम ५५ प्रमाणे नोंदणी प्राधिकरणाला तसे कळवावे लागते. त्यासाठी कायद्याने चौदा दिवसांची मुदत सांगितली आहे.

इशारा: मूळ गाडीची नंबर प्लेट किंवा चासी क्रमांकाचा तुकडा नव्या सांगाड्यावर लावून गाडी "तीच आहे" असे दाखवण्याचा सल्ला गॅरेजमध्ये हमखास मिळतो. तसे करणे गुन्हा आहे.

जागा किमान साडेचार मीटर लांब आणि तीन मीटर रुंद, पक्क्या फरशीची आणि छताखालची हवी. पावसाळ्यात उघड्या अंगणात पडलेला सांगाडा गोकुळाष्टमीपर्यंत गंजाने लाल होतो, हे कोकणात तरी वेगळे सांगायला नको.

टप्पा २: मूळ गाडी निवडणे

एक पूर्ण, चालती ८०० घ्यावी आणि दुसऱ्या एखाद्या भंगार ८०० चे फक्त पुढचे हब, नकल (हबला धरणारा, चाकासह वळणारा भाग), लोअर आर्म (नकलला खालून सांगाड्याशी जोडणारा बाहू), स्टॅबिलायझर बार, स्ट्रट (स्प्रिंग व शॉक ॲबसॉर्बरचा उभा संच) आणि कॅलिपर (डिस्कवर ब्रेक पॅड दाबणारा भाग) घ्यावेत. पहिल्या गाडीचा संच मागे जाईल, दुसऱ्याचा पुढे बसेल. स्टेअरिंग रॅक (स्टेअरिंग फिरवल्यावर चाके वळवणारी दातेरी पट्टी) एकच लागतो आणि तो पहिल्या गाडीचाच वापरता येतो. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर आणि पुण्यात नाना पेठेच्या परिसरात सुट्या भागांचा बाजार आहे; पण इंजिन मात्र दुकानाबाहेर ओळीने मांडलेल्यांतून घेऊ नये. गाडीत बसलेले आणि आपल्यासमोर थंड अवस्थेतून सुरू झालेले इंजिनच घ्यावे, कारण ते चालताना पाहिलेले असते आणि त्याचे वायरिंग, ईसीयू (इंजिनाचा संगणक) व चावी जागच्या जागी असतात.

घेण्याआधी पुढील गोष्टी पाहाव्यात. तिन्ही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजावे. त्यांच्यातील फरक प्रतिचौरस सेंटिमीटर एक किलोपेक्षा जास्त असेल तर इंजिन सोडून द्यावे. ऑइल भरण्याच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली किंवा रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग असला, तर हेड गॅस्केट गेल्याचा संशय घ्यावा. दुसऱ्या व तिसऱ्या गिअरमध्ये वेग वाढवून अचानक ॲक्सिलरेटर सोडावा. गिअर आपोआप बाहेर पडत असेल तर गिअरबॉक्सला खर्च आहे.

कार्ब्युरेटर की इंजेक्शन, हा प्रश्न नेहमी येतो. इंजेक्शनचे इंजिन जास्त समजूतदार असते, पण ते संपूर्ण घ्यावे लागते: ईसीयू, सर्व सेन्सर, न कापलेले वायरिंग, टाकीतील पंप आणि गाडीत इमोबिलायझर (चावी ओळखल्याशिवाय इंजिन सुरू न होऊ देणारे उपकरण) असल्यास त्याचा संच मूळ चावीसह. यांतील एकही वस्तू नसेल तर मुकाट्याने कार्ब्युरेटरचे इंजिन घ्यावे.

टप्पा ३: कापण्याआधी मोजणे

सर्वांत जास्त चुका येथे होतात, आणि त्या नंतर दुरुस्त करता येत नाहीत. गाडी दारात आली की लोक त्याच दिवशी ग्राइंडर काढतात. तसे करू नये. गाडी चाकांवर उभी असताना तिच्यातील प्रत्येक महत्त्वाचा बिंदू कुठे आहे, याचा नकाशा आधी काढला पाहिजे, कारण नवा सांगाडा म्हणजे हेच बिंदू पुन्हा त्याच जागी धरून ठेवणारी चौकट होय.

पद्धत जुनीच, गवंड्याची आहे. गाडी समतल फरशीवर उभी करावी, स्टेअरिंग सरळ ठेवावे आणि टायरमधील हवा चारही चाकांत सारखी करावी. प्रत्येक बिंदूवरून ओळंबा सोडून तो फरशीला जिथे टेकतो तिथे खडूने फुली मारावी, शेजारी बिंदूचे नाव लिहावे आणि फरशीपासूनची उंची मोजून तीही तिथेच लिहावी. गाडी बाजूला घेतल्यावर फरशीवर फुल्यांचा नकाशा उरतो. त्यात दोन्ही पुढच्या हबांच्या मध्यांना जोडणारी रेषा सुतळीच्या निळीने मारून घ्यावी, तिच्यावर काटकोनात गाडीची मध्यरेषा काढावी आणि सर्व मापे या दोन रेषांपासून वहीत उतरवावीत.

नोंदवायचे बिंदू असे: दोन्ही लोअर आर्मच्या आतल्या बोल्टांचे मध्य; स्टॅबिलायझर बारच्या क्लॅम्पच्या जागा; स्ट्रटच्या वरच्या माउंटिंगचे मध्य आणि स्ट्रटचा आत व मागे असलेला कल; स्टेअरिंग रॅकच्या दोन्ही टोकांचे आतले बॉल जॉइंट; इंजिनाची सर्व माउंटिंग; गिअरबॉक्समधून ड्राइव्ह शाफ्ट बाहेर पडतात ते दोन बिंदू; आणि गिअर रॉडचे टोक. डावी व उजवी बाजू सारखीच असेल असे गृहीत धरू नये. डावा आणि उजवा ड्राइव्ह शाफ्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात, त्यामुळे इंजिन मध्यरेषेपासून ज्या बाजूला जेवढे सरकलेले आहे, तेवढेच ते नव्या गाडीतही सरकलेले राहिले पाहिजे.

याच कारणासाठी मागच्या चाकांमधील अंतर मूळच्या पुढच्या ट्रॅकइतके (डाव्या-उजव्या चाकांमधील अंतराइतके), म्हणजे सुमारे १२१५ मिमीच ठेवावे लागते. गाडी रुंद दिसावी म्हणून ट्रॅक वाढवायचा आणि शाफ्ट कापून मध्ये तुकडा वेल्ड करायचा, ही कल्पना कोणी मांडली तर त्याला चहा पाजून परत पाठवावे.

इशारा: इंजिन मागे नेताना ते १८० अंशांत फिरवू नये. आडवे इंजिन उलट दिशेने बसवले की चाकेही उलट फिरतात, आणि गाडीला मागे जाण्याचे चार-पाच गिअर व पुढे जाण्याचा एकच गिअर उरतो. पुढची बाजू पुढेच आणि डावी बाजू डावीकडेच राहिली पाहिजे.

तपासणी: सर्व मापे दुसऱ्या माणसाकडून पुन्हा घ्यावीत. दोन वेळच्या मापांत ३ मिमीपेक्षा जास्त फरक असलेला प्रत्येक बिंदू तिसऱ्यांदा मोजावा. त्यानंतरच गाडी उघडावी, आणि उघडताना प्रत्येक वायरला कागदी पट्टी व प्रत्येक बोल्टला लेबल लावलेली पिशवी द्यावी.

टप्पा ४: जुने काय, नवे काय

पैसे वाचवण्याची जागा इंजिन, गिअरबॉक्स, हब, रॅक, पेडल, सीटची चौकट आणि मीटर ही आहे. पुढील वस्तू मात्र नव्याच घ्याव्यात: ब्रेकचा मास्टर सिलिंडर, होज, पॅड आणि कॅलिपरची सील किट, बॉल जॉइंट, टाय रॉडची (रॅकपासून चाकापर्यंतच्या दांड्याची) टोके, टायमिंग बेल्ट, पेट्रोलचे सर्व रबरी पाइप, सीटबेल्ट आणि टायर. टायरच्या बाजूवर DOT (डीओटी) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांहून जुना टायर नक्षी शाबूत असली तरी घेऊ नये.

सस्पेन्शन आणि स्टेअरिंगला ८.८ ग्रेडचे बोल्ट वापरावेत. ग्रेडचा आकडा बोल्टच्या डोक्यावर कोरलेला असतो. नायलॉकचा (आत नायलॉनची कडी असलेला, सैल न होणारा) नट एकदा काढला की नवाच लावावा.

रंग, मॅग व्हील आणि मोठा सायलेन्सर यांसाठी पैसे शेवटी उरले तर पाहावे. खर्चाची यादी याच क्रमाने लिहिली नाही, तर गाडीला चकचकीत चाके असतात आणि ब्रेकला जुने होज.

टप्पा ५: चालकाला जमिनीवर बसवणे

फरशीवर आता पूर्ण आकाराची गाडी मांडायची. मागच्या एक्सलची रेषा आखून टप्पा ३ मधील मापांनुसार इंजिन लाकडी ठोकळ्यांवर त्याच्या नेमक्या उंचीला ठेवावे. त्याच्या पुढे बेल्ट आणि पुली काढण्यापुरती जागा सोडून फायरवॉलची (इंजिन आणि बसण्याची जागा वेगळी करणाऱ्या पत्र्याची) रेषा आखावी. तिच्यापुढे सीट ठेवून, सर्वांत उंच चालकाला पायात बूट आणि डोक्यावर हेल्मेट घालून बसवावे. त्याचा पाय जिथे पोहोचतो तिथे पेडल येतील, पेडलांच्या पुढे रॅक आणि त्याच्याही पुढे पुढच्या चाकांची रेषा. अशा मांडणीत व्हीलबेस (पुढच्या व मागच्या चाकांच्या रेषांमधील अंतर) साधारण २२५० ते २३५० मिमी भरतो. मूळ ८०० चा तो २१७५ मिमी आहे. आकडा आधी ठरवून चालकाला त्यात कोंबू नये.

स्ट्रट उंच असल्यामुळे गाडीचे नाकही उंच राहील. चित्रातल्यासारखे बसके नाक हवे असेल तर डबल विशबोन (वर-खाली दोन बाहूंचे सस्पेन्शन) आणि स्वतःचे नकल बनवावे लागतात. पहिल्या गाडीत त्या वाटेला जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

तपासणी: बसलेल्या चालकाने डोळे मिटून तिन्ही पेडल दाबावीत, स्टेअरिंग पूर्ण फिरवावे, गिअर टाकण्याची कृती करावी आणि मग हात न टेकता दहा सेकंदांत बाहेर यावे. काही अडत असेल तर आत्ताच बदलावे; आत्ता फक्त खडूची रेष पुसायची आहे.

टप्पा ६: सांगाडा, फक्त टाक्यांवर (वेल्डच्या छोट्या ठिपक्यांवर)

सांगाड्यासाठी २५×२५ मिमीचे, १.६ मिमी जाडीचे काळे ईआरडब्ल्यू (लांबीत सांधा वेल्ड केलेले) चौकोनी पाइप पुरतात. गॅल्व्हनाइज्ड पाइप वापरू नयेत. वेल्ड करताना जस्ताचा विषारी धूर निघतो आणि टाकाही कमकुवत होतो. चालकामागच्या कमानीसाठी (गाडी उलटल्यास डोके वाचवणाऱ्या नळीसाठी) मात्र चौकोनी पाइप चालत नाही. मोटार शर्यतींच्या एफआयए या जागतिक संघटनेच्या नियमांत मुख्य कमानीसाठी थंड ओढीची, सांधा नसलेली, किमान ३५० न्यूटन प्रति चौरस मिमी ताणशक्तीची ४५×२.५ किंवा ५०×२ मिमी नळी सांगितली आहे. तीच घ्यावी आणि बेंडिंग मशीनवर वाकवून घ्यावी. वाळू भरून गॅसवर तापवून वाकवलेली नळी बाहेरच्या अंगाला पातळ होते. कमानीला मागून दोन तिरपे आधार द्यावेत. कमानीच्या माथ्यापासून पुढच्या कमानीच्या माथ्यापर्यंत दोरी ताणली असता हेल्मेट तिच्या किमान ५० मिमी खाली राहिले पाहिजे.

काम सपाट टेबलावर करावे. आठ बाय चारचे दोन जाड प्लाय लोखंडी घोड्यांवर लेव्हल बाटलीने समतल करून, त्यांवर फरशीवरील नकाशा जसाच्या तसा उतरवावा आणि पाइप लाकडी ठोकळ्यांनी जागेवर धरावेत. आधी तळाची चौकट, मग वरची, मग उभे पाइप, आणि शेवटी तिरपे. तिरपा पाइप नसलेला चौकोन हा दार नसलेल्या कपाटासारखा कोपऱ्यात झुकतो, म्हणून प्रत्येक मोकळ्या चौकोनाला एक कर्ण हवाच. सस्पेन्शनची प्रत्येक पट्टी जिथे तीन-चार पाइप एकत्र येतात अशा सांध्यावरच यावी. पाइपच्या मधोमध लावलेली पट्टी पाइपला वाकवते.

या टप्प्यावर प्रत्येक सांध्याला दोन किंवा तीन छोटे टाके, एवढेच. पूर्ण वेल्डिंग आणखी बरेच पुढे आहे.

तपासणी: तळाच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजावेत. फरक २ मिमीच्या आत असावा. प्रत्येक नव्या पाइपच्या टाक्यानंतर हे माप पुन्हा घ्यावे.

टप्पा ७: सस्पेन्शन आणि स्टेअरिंग

मागच्या बाजूला पुढचे नकल बसवले आहेत, म्हणजे ती चाकेही वळू शकतात. त्यांना कायमचे सरळ धरण्यासाठी रॅकऐवजी दोन स्थिर दांडे लागतात. लोक येथे जुना रॅकच ठेवून तो वेल्डने अडकवतात. त्यात खेळ राहतो आणि मागची चाके वेगात आपापला विचार करू लागतात. त्याऐवजी मूळ टाय रॉडच्याच लांबीचे, दोन्ही टोकांना आटे असलेले दांडे घ्यावेत आणि त्यांचे आतले टोक मूळ रॅकच्या बॉल जॉइंटच्या अचूक त्याच बिंदूवर, सांगाड्याला लावलेल्या दुहेरी पट्टीत, बसवावे. तो बिंदू १० मिमीने जरी वर-खाली झाला, तरी चाक उसळताना आत-बाहेर वळते. टप्पा ३ मध्ये रॅकची टोके मोजायला सांगितले ते याचसाठी.

लोअर आर्म सांगाड्याकडे एकाच बोल्टवर असेल, तर त्याला पुढे-मागे धरून ठेवण्याचे काम स्टॅबिलायझर बार करतो. वजन वाचवायला तो काढून टाकला की ब्रेक मारताच चाक मागे सरकते. बार ठेवावा, किंवा त्याच्या जागी तेवढ्याच ताकदीचा तिरपा दांडा द्यावा.

पुढच्या हबमध्ये आता ड्राइव्ह शाफ्ट नाही. पण अशा हबमध्ये बेअरिंगला दाबून धरण्याचे काम शाफ्टच्या बाहेरच्या टोकाचा नटच करतो. म्हणून बाहेरचा सीव्ही जॉइंट (शाफ्टच्या टोकाचा, कोनात वळणारा सांधा) उघडून, आतले छर्रे काढून, त्याचे आट्यांचे टोक हबमध्ये तसेच ठेवावे आणि नट मूळ टॉर्कवर (कारखान्याने सांगितलेल्या जोराने) आवळावा. रिकाम्या हबवर फिरवलेले चाक काही अंतरातच बेअरिंगसह निखळू शकते.

गाडी हलकी झाल्याने मूळ स्प्रिंगवर ती उंच उभी राहील. स्प्रिंग गॅसने कापू नये. तापलेल्या भागाचे पाणी (पोलादाचा कडकपणा) उतरते आणि आखूड झालेली स्प्रिंग चाक लोंबकळताना जागेवरून निसटते. प्रत्येक चाकावरचे वजन आणि हवी ती उंची सांगून स्प्रिंग बनवणाऱ्याकडून नवी करून घ्यावी.

स्टेअरिंगच्या दांड्याला स्वतः वेल्ड मारू नये. मूळ गाडीतील दातेरी युनिव्हर्सल जॉइंटच वापरावेत आणि दांड्याला मध्ये बेअरिंगचा आधार द्यावा.

तपासणी: स्टेअरिंग डावीकडे फिरवले की चाके डावीकडेच वळतात, हे प्रत्यक्ष पाहावे. रॅक उलटा बसवल्यास किंवा एक्सलच्या दुसऱ्या बाजूला नेल्यास दिशा उलटते, आणि ही चूक पहिल्या वळणापर्यंत लक्षात न आल्याची उदाहरणे कमी नाहीत. त्यानंतर स्प्रिंग काढून स्ट्रट पूर्ण वर आणि पूर्ण खाली नेऊन काही घासते का, ते पाहावे.

टप्पा ८: ब्रेक

पुढे आणि मागे एकाच मापाचे डिस्क आल्यामुळे मूळ गाडीचे ब्रेकचे गणित येथे लागू पडत नाही. ब्रेक मारताना वजन पुढे जाते, मागची चाके आधी अडकतात आणि गाडी फिरते. पुढच्या जोडीचे एक आणि मागच्या जोडीचे एक असे दोन स्वतंत्र सर्किट करावेत, आणि मागच्या सर्किटमध्ये दाब कमी-जास्त करता येणारा व्हॉल्व्ह बसवावा. पाइप ब्रेकसाठीच बनवलेले, दुहेरी फ्लेअरचे (टोक दुमडून पसरवलेले), स्टीलचे असावेत. फ्रिज-एसीचे तांब्याचे पाइप सहज मिळतात व सहज वाकतात, पण सततच्या कंपनाने ते चिरतात.

पुढच्या कॅलिपरला हँडब्रेकची सोय नसते, हे बहुतेकांना गाडी उतारावर घरंगळल्यावर आठवते. मागच्या डिस्कवर केबलने चालणारा वेगळा यांत्रिक कॅलिपर बसवावा. हायड्रॉलिक लाइन अडवणारा लॉक हा हँडब्रेकचा पर्याय नव्हे, कारण त्यातील दाब हळूहळू उतरतो.

तपासणी: हवा काढून झाल्यावर पेडल पूर्ण ताकदीने मिनिटभर दाबून धरावे. ते खाली सरकता कामा नये, आणि पेडलची चौकट डोळ्यांना दिसेल इतकी वाकताही कामा नये.

टप्पा ९: पाणी, पेट्रोल, केबल, वायरिंग

रेडिएटर पुढे आणि इंजिन मागे असल्याने पाण्याचे दोन लांब पाइप तळातून जातात, आणि त्यांत हवा अडकते. हवा अडकली की तापमानाचा काटा खालीच राहतो आणि हेड मात्र तापून वाकते. भरण्याचे झाकण संपूर्ण सर्किटमधील सर्वांत उंच जागी ठेवावे, रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यात हवा काढण्याचा स्क्रू द्यावा आणि पहिल्यांदा पाणी भरताना गाडीचे नाक जॅकवर उचलावे.

पेट्रोलची टाकी फायरवॉल आणि सीट यांच्यामध्ये, खालच्या बाजूस, पत्र्याच्या स्वतंत्र कप्प्यात बसवावी. इंजेक्शनच्या लाइनमध्ये तीन बारच्या आसपास दाब असतो. कार्ब्युरेटरसाठीचा साधा रबरी पाइप तेथे फुटतो. क्लच आणि ॲक्सिलरेटरच्या केबल लांब करून घ्याव्या लागतात. त्यांना मोठी वळणे द्यावीत आणि त्या सायलेन्सरपासून दूर न्याव्यात. गिअर रॉडही इंजिनाला वळसा घालून पुढे आणावा लागतो, आणि त्यात लीव्हरची दिशा उलटली तर ती नॉबवर तशी लिहून न ठेवता मधला खटका बदलून दुरुस्त करावी.

बॅटरीचा मुख्य स्विच चालकाच्या आणि बाहेर उभ्या माणसाच्याही हाताला येईल असा हवा. दोन किलोचे कोरड्या पावडरचे अग्निशामक सीटजवळ हवे.

इशारा: जुनी पेट्रोलची टाकी कितीही धुतली, वाळवली तरी तिला वेल्ड मारू नये. आत उरलेल्या वाफेचा स्फोट होतो.

टप्पा १०: पुन्हा सगळे उतरवणे, मग पक्के वेल्डिंग

गाडी या टप्प्यावर चाकांवर उभी असते, इंजिन सुरू होते, आणि तिला एक चक्कर मारून आणण्याचा मोह अनावर होतो. टाक्यांवरची गाडी चालवू नये. सर्व भाग उतरवून, सांगाडा पुन्हा टेबलावर बांधून पूर्ण वेल्डिंग करावे. १.६ मिमीच्या पाइपला मिगची (गॅसच्या आवरणात तार वितळवणारी) वेल्डिंग मशीन उत्तम. आर्कने करायचे झाल्यास रॉड २ मिमीचा घ्यावा, नाहीतर पाइपला भोके पडतात. एका कोपऱ्यात सलग वेल्ड न करता समोरासमोरच्या कोपऱ्यांत आलटून पालटून करावे, म्हणजे उष्णतेने ताण एका बाजूला साचत नाही. वेल्ड ग्राइंडरने घासून गुळगुळीत करू नये. दिसायला सुबक होते, पण सांध्याची ताकद त्या भुग्याबरोबर जाते.

कमान, सीटबेल्ट आणि सस्पेन्शनच्या पट्ट्यांचे वेल्डिंग अनुभवी फॅब्रिकेटरकडून करून घ्यावे. सीटबेल्टचे खांद्यावरचे पट्टे सीटच्या माथ्यावरून मागे शक्यतो आडवेच जावेत. उतार ४५ अंशांपेक्षा जास्त असेल तर अपघातात ते मणक्याला खाली दाबतात.

तपासणी: वेल्डिंगनंतर कर्ण आणि टप्पा ३ मधील सर्व बिंदू पुन्हा मोजावेत. मगच रेड ऑक्साइड आणि रंग.

टप्पा ११: वजन, अलाइनमेंट आणि पहिली धाव

भंगारवाल्याचा ३०० किलोचा प्लॅटफॉर्म काटा दिवसभरासाठी मागून आणावा. एक चाक काट्यावर आणि बाकीची तीन त्याच उंचीच्या फळ्यांवर ठेवून, चालक बसलेला असताना, चारही चाकांचे वजन आळीपाळीने घ्यावे. पुढे सुमारे ४० आणि मागे ६० टक्के आले तर मांडणी ठीक आहे. कर्णावरच्या दोन चाकांची बेरीज दुसऱ्या कर्णाच्या बेरजेजवळ यावी, अन्यथा एखादी स्प्रिंग किंवा सांगाडाच वाकडा आहे.

मागच्या चाकांना दोन्ही मिळून २ ते ३ मिमी टो-इन (चाकांची पुढची कड किंचित आत वळलेली; टो-आउट म्हणजे याच्या उलट) द्यावा. मागे टो-आउट असलेली गाडी वळणात अचानक सुटते. पुढे शून्य ते २ मिमी टो-इनपासून सुरुवात करावी.

पहिली धाव रिकाम्या मैदानात, हेल्मेट व बेल्ट लावून, बाहेर अग्निशामक घेतलेला एक माणूस उभा ठेवून करावी. आधी १० किमी वेगाने फक्त सुरू करणे आणि थांबणे. मग गाडी थांबवून हबचे नट, लोअर आर्म, टाय रॉड आणि इंजिन माउंटिंग यांचे सर्व बोल्ट पुन्हा आवळावेत आणि प्रत्येकावर पिवळ्या रंगाची रेघ मारावी, म्हणजे नट सरकला की रेघ तुटलेली दिसते. त्यानंतर ३० किमी वेगाने सरळ रेषेत जोरात ब्रेक मारावा आणि बाहेरच्या माणसाने कोणती चाके आधी अडकतात ते पाहावे. मागची अडकत असतील तर व्हॉल्व्ह एकेक फेरा बंद करत पुढची आधी अडकेपर्यंत चाचणी करावी. तोपर्यंत वेग वाढवू नये आणि शेजारच्या सीटवर कोणालाही बसवू नये.